केबल सोडलं, पण सुटं चॅनल कुठे मिळणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

केबल सोडून ओटीटीवर, म्हणजे इंटरनेटवरच्या ॲपवर, जाणाऱ्यांबद्दल हल्ली पेपरात सारखं काहीतरी येतं, आणि सगळ्याचा सूर एकच, की जुनं गेलं आता, शहाण्या माणसाने निमूट नवं घ्यावं. आम्ही घेतलंय. भांडुपला राहतो, घरात नवरा, दहावीतला मुलगा, सासूबाई आणि मी. दिवाळीनंतर केबलचा बॉक्स काढून टाकला. चित्र झकास दिसतं, मुलगा खूश आहे, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण केबलवर आपल्याला हवं तेवढंच चॅनल सुटं घ्यायचा एक हक्क होता, तो या बदलात कधी गळून पडला ते कुणाच्या लक्षातच आलेलं दिसत नाही, म्हणून हे पत्र.

आठवतंय का बघा, २०१९ च्या फेब्रुवारीत ट्रायचे (म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे) नवीन नियम लागू झाले आणि केबलवाले घरोघरी चॅनलची लांबलचक यादी घेऊन फिरत होते, पाहिजे त्यावर टिक करा म्हणून. महिन्याला जास्तीत जास्त १३० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १५३ रुपये ४० पैशांत १०० फ्री चॅनल, आणि वर जे पेड चॅनल हवं असेल ते सुटं घ्यायचं, छापील दराने, एकच हवं तर एकच. तेव्हा सगळ्यांनी शिव्याच घातल्या, बिलं वाढली म्हणून. आणि वाढलीच बऱ्याच जणांची, शिवाय बहुतेकांनी यादी न वाचताच केबलवाला सांगेल तो पॅक घेतला, तेही खरं. पुढे २०२४ मध्ये ती १३० ची मर्यादाही ट्रायने काढून टाकली. तरीपण चॅनलचा दर जाहीर करायचा आणि ग्राहकाने मागितलं तर ते सुटं द्यायचंच, हा नियम होता आणि आहे. आमच्या आईंनी (सासूबाईंना मी आईच म्हणते) त्याचा पुरेपूर फायदा घेतला, मोजकी मराठी चॅनल ठेवली आणि बाकी सगळ्यावर काट. इंग्रजी सिनेमा नको, कार्टून नको, तेलुगू नको.

आता ओटीटीवर काय आहे? झी मराठी बघायचं तर झी फाईव्ह. सोनी मराठीला सोनी लिव्ह. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी निदान एका जागी, जिओहॉटस्टारवर, ते पण २०२५ च्या फेब्रुवारीत जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक झाले म्हणून, नाहीतर ती पण दोन ॲप होती. म्हणजे जी बाई रोज संध्याकाळी रिमोटचं बटण दाबून सात वाजता एका चॅनलवर, साडेसातला दुसऱ्यावर आणि आठला तिसऱ्यावर जायची तिला आता तीन वर्गण्या, तीन लॉगिन, आणि बहुतेकांत क्रिकेट, कोरियन, हॉलिवूड, हिंदी वेबसिरीज असं सगळं गळ्यात. मला फक्त मराठी द्या, त्याचे काय ते पैसे घ्या, अशी सोय सगळीकडे मिळत नाही. कोथिंबिरीची एक जुडी मागितली तर दादरच्या भाजीवालीने अख्खी पाटी डोक्यावर द्यावी, तसं आहे हे. स्वस्तातला मोबाईल प्लॅन असतो म्हणे, पण तो टीव्हीवर लागतच नाही, आणि सत्तरी ओलांडलेल्या बाईने हातात फोन धरून मालिका बघायची का?

बरं, तक्रार करायची कुणाकडे? केबल आणि डिश ट्रायच्या अखत्यारीत येतात. ओटीटीचे दर तिथे येत नाहीत. २०२१ च्या आयटी नियमांत ओटीटी आहे, पण ते कार्यक्रमात काय दाखवलं, किती वर्षांच्या मुलांनी बघावं, त्याची तक्रार १५ दिवसांत निकाली काढा वगैरे. पॅक कसा विकायचा, भाषेप्रमाणे वेगळा द्यायचा का, यावर त्यात काहीच नाही. त्यामुळे कंपनीला वाटेल तसं. प्राइम व्हिडिओने २०२५ च्या जूनपासून भारतात जाहिराती सुरू केल्या, त्या नको असतील तर तेव्हा वर्षाला ६९९ किंवा महिन्याला १२९ रुपये जास्तीचे मागितले. म्हणजे ज्यांनी आधीच वर्षाचे पैसे भरलेले त्यांनाही मधेच जाहिराती! केबलवर जाहिराती नव्हत्या असं नाही, उलट जास्तच होत्या, पण जाहिराती नाहीत हेच तर सांगून बोलावलं होतं ना आम्हाला इकडे.

आणि केबल कापलं कापलं म्हणतो आपण, पण मुंबईत खरं काय होतं माहितीय का, आमच्या बिल्डिंगमध्ये नेटची वायर पण त्याच केबलवाल्याची आहे, त्याच खिडकीतून आत आलेली. फक्त आधी तो चॅनलचे पैसे घ्यायचा, आता नेटचे घेतो, आणि ॲपचे वेगळे. सगळं मिळून बिल कमी झालंय का? नाही झालं. तो माणूस मात्र बरा होता हो, चित्र गेलं की गॅलरीतून हाक मारली तरी पोरगा पाठवायचा, महिनाअखेरीला पैसे नसले तर पुढच्या महिन्यात द्या म्हणायचा. ॲपवाल्यांकडे चॅटमध्ये रोबोट बोलतो, तोही इंग्रजीत. एका ॲपने आमच्या खात्यातून वर्षाचे पैसे आपोआप वळते केले, रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापायच्या २४ तास आधी मेसेज यायला पाहिजे आणि तो आलाही होता, पण लोन घ्या आणि फ्लॅट घ्याच्या पन्नास मेसेजमध्ये तो कुणाला दिसणार.

चांगलं आहे तेही सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारीसारखी कुरकुरतेय. माहेरी डिश आहे, तिथे जुलैत धो धो पाऊस लागला की सिग्नल गायब, कारण तो ज्या लहरींवर येतो त्या जोराच्या पावसात क्षीण होतात. नेटवर तो त्रास नाही. सुटलेला भाग कधीही बघता येतो. पैसे भरणाऱ्यांना काही ॲपवर भाग टीव्हीच्या आधी मिळतो, त्यामुळे आई आता मजल्यावरच्या बायकांना दुपारीच कथा सांगून टाकतात, त्यावरून एक छोटंसं भांडणही झालंय. क्रिकेटचं मात्र उलटं. व्हिडिओचे काही काही सेकंदांचे तुकडे करून पाठवतात आणि आपला टीव्ही थोडे साठवून मग दाखवतो, त्यामुळे शेजारच्या केबलवर विकेट पडून गेलेली असते आणि आमच्याकडे बोलर अजून धावतच असतो.

फुकटचा पर्याय आहे की, असं कोणीतरी म्हणेलच. डीडी फ्री डिश आहे, महिन्याचं भाडं नाही, पण छत्री लावायला आग्नेयेकडे आकाश मोकळं पाहिजे, आणि आमच्या आग्नेयेला आता टॉवर उभा राहिलाय. प्रसार भारतीचं वेव्हज ॲप आहे नोव्हेंबर २०२४ पासून, त्यावर दूरदर्शनची चॅनल लाइव्ह दिसतात. दोन्ही चांगलंच, पण पेड वाहिन्यांवरच्या रोजच्या मालिका बघणाऱ्याला त्याचा उपयोग किती?

म्हणून म्हणणं एवढंच, की जो सुट्या चॅनलचा नियम केबलला लावला तोच भाषेच्या हिशोबाने ओटीटीलाही लावा. सगळ्या ॲपवर मराठीचा वेगळा पॅक, टीव्हीवर चालणारा, दर आधी जाहीर केलेला. निवडणुकीत मराठी मराठी करणाऱ्या आपल्या खासदारांपैकी एखाद्याने हे दिल्लीत विचारायला काय हरकत आहे? दुकानांच्या पाट्यांवर एवढा गदारोळ झाला, मग इथे तर घरातल्या टीव्हीचा प्रश्न आहे.

आणि एक विनंती तुम्हाला. पूर्वी पेपरात रोजचे टीव्हीचे कार्यक्रम यायचे, आई ते पेनने खुणा करून ठेवायच्या. ते परत सुरू करा असं म्हणत नाही, पण आठवड्यातून एकदा, रविवारी, कोणती मराठी मालिका किंवा सिनेमा कोणत्या ॲपवर आहे आणि त्याला किती पैसे पडतात याचा एक छोटा तक्ता छापाल का? जरा मोठ्या टायपात छापा, चष्मा लावूनही बारीक अक्षर दिसत नाही त्यांना.

आपली,
एक वाचक, भांडुप (पूर्व)