बाबांच्या एमआरआयबद्दल

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

रिपोर्ट आणि फिल्म्स दोन्ही नीट पाहिल्या. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. तिथून खाली पायांच्या, लघवीच्या आणि शौचाच्या नसांचा झुबका उतरतो. बाबा, तुमची गाठ त्या झुबक्यात, तिसऱ्या मणक्यामागे आहे. पाय दुखण्याचं कारण तीच असावी, 'गॅप' नव्हे.

रिपोर्टात 'श्वानोमा किंवा रक्तवाहिन्यांची गाठ' असं लिहिलंय. या जागी श्वानोमा, म्हणजे नसेच्या आवरणाची गाठ, नेहमी दिसते. रक्तवाहिन्यांची फार क्वचित. पण तुमच्या टी-टू (एमआरआयच्या एका पद्धतीच्या) फिल्मवर गाठीभोवती काळी कड आहे. जुनं रक्त झिरपलं की त्यातलं लोह साठून अशी कड उमटते, म्हणून मला कॅव्हर्नोमाची शंका येते. पातळ भिंतींच्या रक्तपोकळ्यांचा हा गुच्छ तुतीच्या फळासारखा दिसतो. आत रक्त इतकं संथ असतं की अँजिओग्राफीत तो उमटतच नाही. खात्रीसाठी जीआरई सिक्वेन्स, म्हणजे जुनं रक्त ठळक दाखवणारी एमआरआयची पद्धत, लागतो. तो झालेला नाही, तेवढा करून घ्या.

ऑपरेशनची घाई नको म्हणते ते यासाठी, की दिसायला सारख्या गाठींचे उपचार वेगळे आहेत. हेमँजिओब्लास्टोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांचीच दुसऱ्या प्रकारची गाठ, असेल तर कॉन्ट्रास्टने (शिरेतून देतात त्या औषधाने) ती लख्ख उजळते, शेजारी फुगलेल्या शिरा दिसतात. ती अखंडच काढावी लागते. तुकडा घ्यायला गेलं की रक्त आवरत नाही. शिवाय ती कधी कधी व्हीएचएल या आनुवंशिक आजाराचा भाग असते. तशी शंका आली तर डोळे, मेंदू, मूत्रपिंडं आणि त्यांच्यावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी आधी तपासायच्या, कारण अ‍ॅड्रिनलची गाठ लपलेली राहिली तर भूल देताना बीपी भयंकर चढतं. रक्तवाहिन्यांचा फिस्टुला असेल तर धमनी थेट शिरेत उघडते, शिरेतला दाब वाढतो आणि वर मज्जारज्जूला सूज येते; स्टेरॉइडने अशा रुग्णांचे पाय आणखी लुळे पडू शकतात. म्हणून निदान पक्कं होईपर्यंत कमरेत स्टेरॉइडचं इंजेक्शन नको, पाठ ओढून-दाबून घेणंही नको. दुसऱ्या कुठल्या ऑपरेशनसाठी मणक्यातून भूल द्यायची म्हणाले, तर भूलतज्ज्ञांना हा रिपोर्ट आधी दाखवा.

ऑपरेशन ठरलं तर सर्जनना विचारा: नसांचं मॉनिटरिंग असेल का, आणि गुदद्वाराच्या स्नायूतही इलेक्ट्रोड लावणार का? गाठ कुठल्या नसेच्या मुळाला चिकटली आहे हे विजेच्या हलक्या झटक्याने तपासत जातात. प्रतिसाद देणारी नस जपतात. लघवीच्या नसा बारीक असतात, आणि एकदा गेल्या की सहसा परत येत नाहीत.

आई, लघवीवर तू लक्ष ठेव. धार बारीक झाली, लागल्याचं कळेनासं झालं तर 'प्रोस्टेट असेल' म्हणून सोडून देऊ नकोस. सोनोग्राफीत लघवीनंतर किती शिल्लक राहते ते मोजून घ्या. २०० मिलीच्या वर असेल तर लगेच कळव. बसायची जागा बधिर झाली, दोन्ही पायांतलं बळ गेलं, लघवी अडली, किंवा अचानक पाठ आणि डोकं एकदम दुखून मान ताठली, तर रात्र असली तरी त्याच तासाला एमआरआय आणि न्यूरोसर्जन असलेल्या रुग्णालयात न्या.

बाबा, हृदयासाठीची अ‍ॅस्पिरिन मनाने बंद करू नका. हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन मिळून ठरवतील. दुखलं तर पॅरासिटामॉल घ्या, केमिस्टकडची डायक्लोफेनॅक नको. आणि फिल्म नव्हे, सीडी मागून घ्या. तीत सगळे स्लाइस असतात.

तुमची लेक