चार गुरुवार, चार रविवार

हाम्बुर्ग, २४ नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. खोकला गेला, मोजे घालते, डबा नेते. त्यावर आणखी काही लिहीत नाही.

आई, व्हिडिओ कॉलवर माझ्यामागे फांद्यांचा ढीग बघून तू जे विचारलंस, त्याचं उत्तर फोनवर धड देता आलं नाही. नाही, मी कुठे चर्चला जायला लागलेली नाही. नाताळाच्या आधीच्या चार रविवारांना इथे आडव्हेंट म्हणतात आणि त्यासाठी घरोघरी फर नावाच्या, सुईसारख्या पानांच्या झाडाच्या डहाळ्यांचं गोल कडं बांधून त्यावर चार मेणबत्त्या बसवतात. तुझे मार्गशीर्षातले गुरुवार २७ तारखेला सुरू होतात, यांचे रविवार ३० तारखेला. तुझे चार, यांचेही चार. तू कलशात पाच झाडांचे डहाळे लावतेस, ते बाहेरूनच आणतेस ना? मग झालं तर.

सगळ्यात चमत्कारिक रीत मेणबत्त्या लावण्याची. दुपारी चारला अंधार पडतो, समोर चार मेणबत्त्या आहेत, तरी पहिल्या रविवारी एकच लावायची. दुसऱ्या रविवारी दोन, मग तीन, मग चार. ‘आज पाहुणे आलेत, लावू या सगळ्या’ असं चालत नाही. लहान मुलंसुद्धा टोकतात. हे याच शहरात सुरू झालं. योहान हिन्रिश विशर्न नावाचे पाद्री इथे गरीब मुलांचं वसतिगृह चालवायचे. नाताळ कधी, नाताळ कधी म्हणून मुलं भंडावून सोडायची. तेव्हा १८३९ साली त्यांनी लाकडी चाकावर रोजची एक लहान लाल आणि रविवारची एक मोठी पांढरी अशा मेणबत्त्या लावल्या. त्या वर्षी २० लाल आणि ४ पांढऱ्या झाल्या. फरच्या डहाळ्या नंतर आल्या आणि घरी चारच मेणबत्त्या उरल्या. कालचा रविवार मृतांच्या स्मरणाचा होता. तो होईपर्यंत सजावट करायची नाही, असं जुनी माणसं मानतात. सर्वपित्री झाल्याशिवाय आपण घट बसवत नाही, त्यातलंच.

बाबा, रानातून हे सगळं आणलं म्हणून पोलीस धरणार नाहीत. इथल्या निसर्गसंरक्षण कायद्याचं कलम ३९ घरापुरतं थोडं शेवाळ, फुलं, फळं, डहाळ्या घेऊ देतं. मात्र संरक्षित क्षेत्रात नाही, आणि बंदी असेल तिथे नाही. तरी उभ्या फरला कात्री लावायची असेल तर जंगलाच्या मालकाला विचारावं लागतं. म्हणून शेवाळ, पाइनचे शंकू आणि रानगुलाबाची लाल फळं रानातून आणायची, डहाळ्या बाजारातून. नॉर्डमान फर घ्यावा. स्प्रूस हे तसलंच दुसरं झाड स्वस्त, पण हीटरच्या खोलीत थोड्याच दिवसांत त्याच्या सुया गळतात. यू नावाचं झाडही तसंच हिरवंगार दिसतं, पण ते विषारी, घरात आणायचंच नाही.

आता बांधणी, म्हणजे धाकट्या चिऊला तिकडे सुरूच्या डहाळ्यांवर करून बघता येईल. आत गवताच्या काडांची ३० सेंटिमीटरची चुंबळ असते. तिला साधारण दोन किलो डहाळी लागते. १० ते १२ सेंटिमीटरचे शेंडे कापायचे, तीन-चारांची जुडी करायची. एक जुडी बाहेरच्या कडेला, एक वर, एक आत. आतली आखूड, नाहीतर मधली जागा बुजते. प्रत्येक जुडीवर बारीक तारेचे दोन वेढे, आणि पुढच्या जुडीने मागचे देठ झाकायचे. तार करकचून ओढायची. डहाळी सुकली की बारीक होते आणि सैल तारेतून जुड्या निसटतात. तळाला काही बांधायचं नाही, म्हणजे कडं डगमगत नाही.

शंकू ओले असले की मिटलेले असतात. ओव्हनमध्ये १०० अंशांवर तासभर ठेवले की फुलतात आणि आतले किडेही मरतात. मात्र त्यांत राळ असते, ती पेटू शकते, तेव्हा ओव्हनसमोरून हलायचं नाही. तार सगळ्यात खालच्या पाकळ्यांमधून फिरवली की दिसत नाही.

आई, आगीचं म्हणशील तर तुझी भीती अगदीच खोटी नाही. चौथ्या रविवारी डहाळी सगळ्यात कोरडी असते आणि नेमक्या तेव्हाच चारही ज्योती पेटलेल्या असतात. पहिली मेणबत्ती तोवर सगळ्यात बुटकी होते, तिची ज्योत हिरव्याच्या जवळ येते. म्हणून जाड मेणबत्त्या, प्रत्येकीखाली खिळ्याची पत्र्याची ताटली, शंकू ज्योतीपासून लांब. कडं रात्री बाल्कनीत, एक दिवसाआड पाण्याचा फवारा. खोलीत कोणी नसेल तर मेणबत्ती विझवलेली. एवढी काळजी तुझ्या समईची तू घेतेस का?

बाबा, चिऊच्या लग्नाच्या हॉलचे उरलेले पैसे आज पाठवलेत, दोन-तीन दिवसांत जमा होतील. एफडी मोडू नका. केटररला मी परस्पर देते, तुम्ही फक्त पानांचा आकडा कळवा. सुट्टी मात्र दहाच दिवसांची मिळतेय, हळदीच्या आदल्या दिवशी पोचेन. केळवणं माझ्याशिवायच होतील. चिऊ काही बोलली नाही, म्हणूनच जास्त वाईट वाटतंय. मावशीची समजूत तू घाल.

नाशिकच्या स्थळाचं: फोनवर बोलेन, पण चिऊचं कार्य होऊ दे. धाकटीचं आधी म्हणून कोण काय म्हणतंय, ते मला कळवू नकोस. पत्रिका पाठवायची असेल तर पाठव.

तुमची,
मुक्ता