फिनचं टोक घास, बुडाला हात लावू नको

प्रिय संतू,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला आणि लगेच लिहायला बसलो. सर्फबोर्डच्या खाली शेपटीकडं असते ती फिन लवचिक करायची म्हणून तिच्या बुडाला भोकं पाडालास काय? ड्रिल खाली ठेव आणि आधी हे वाच.

वळताना पाण्याचा दाब फिनवर पडतो आणि तो सगळा जोर बुडात, फिन ज्या खाचेत बसते त्या बॉक्सच्या तोंडाशी येतो. तिथंच भोक पाडलंस तर फिन वाकायची नाही, मोडेल, आणि जाताना बॉक्सपण उखडेल. बूड जाड न् ताठ, टोकाकडं जाईल तसं पातळ, असंच पाहिजे. टोक वळणात वाकतं आणि वळण संपताना सरळ होतं, त्यात बोर्डला जो धक्का मिळतो तोच तर आपल्याला पाहिजे. अमेरिकन सर्फर जॉर्ज ग्रीनोनं साठच्या दशकात ट्यूनाची शेपटी बघून अरुंद, मागं झुकलेल्या फिना केल्या त्या ह्याच विचारानं, आणि १९६६ ला सॅन दिएगोत ऑस्ट्रेलियाचा नॅट यंग सर्फिंगचा वर्ल्ड चॅम्पियन झाला तेव्हा त्याच्या बोर्डला त्याच धाटणीची फिन होती. मला ग्रीनोचं लई कौतुक वाटतं, मासा बघितला आणि हातानं करून दाखवलं.

आता मुख्य गोष्ट. ताठपणा जाडीच्या घनानं बदलतो. जाडी अर्धी केलीस तर ताठपणा आठवा हिस्साच उरतो, नुसती १० टक्के काढलीस तरी २७ टक्के गेला. म्हणून ग्राइंडर नको, हातानंच, लाकडाच्या ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून, आधी ८० नंबर मग १२०, आणि शेवटी वॉटर पेपर. इथं बेळगावात उद्यमबागेत आमच्या पॅटर्न शॉपमध्ये, ओतकामाचे नमुने करताना, आम्ही हेच करतो, थोडं घास, माप घे, परत घास. बूड व्हाईसमध्ये लाकडाचे तुकडे लावून धर, टोकाला अर्ध्या किलोचं वजन अडकव, किती वाकलं ते पट्टीनं मोज आणि लिहून ठेव. घासल्यावर परत तेच वजन. नुसत्या हाताच्या अंदाजावर जाऊ नको.

फायबरग्लासची फिन म्हणजे कापडाचे थरावर थर, घासत गेलास की नकाशातल्यासारख्या रेघा दिसायला लागतात, त्या दोन्ही बाजूला सारख्या आल्या पाहिजेत, नाहीतर बोर्ड एका बाजूला ओढणार. हे मधल्या फिनचं. साईड फिनची आतली बाजू सपाट असेल तर तिला हात लावू नको. पुढची कड गोल, मागची पातळ पण हात कापेल एवढी नको. मास्क घाल रे, आणि पाणी मारून घास, काचेची धूळ छातीत जाते ती काय बाहेर येत नाही. शेवटी उघड्या पडलेल्या थरांवर रेझिनचा पातळ हात मार, नाहीतर पाणी आत शिरेल.

आणि लई मऊ करू नको, मोठी लाट आली की मऊ फिन पाणी धरत नाही, आणि तुझं वजन बघता तुला तर थोडी ताठच बरी.

जमणार नसेल तर चोर्ला घाटावरून इकडं कोण येणार असेल त्याच्याकडं पाठवून दे, रविवारी शॉप रिकामंच असतं, मी करून देतो. फिन बसवायचा स्क्रू आणि प्लेट तुझ्याकडंच काढून ठेव. तुझं वजन आणि कुठल्या लाटेवर वापरणार तेवढं चिठ्ठीत लिही.

तुझा,
बाळू