सुमीला पत्र: परीक्षा, पडवी आणि मावशीचा भाडेकरार

कुडाळ
जुलैचा दुसरा आठवडा

प्रिय सुमे,

फोन उचलत नाही म्हणून चिडली असशील, पण आठ दिवस झाले फोन बिस्किटाच्या डब्यात घालून कपाटावर ठेवलाय, कारण मी परीक्षा देतेय. हो, मीच. दहावीला भूमितीत काठावर पास झालेली.

महारेराची, म्हणजे राज्यातल्या फ्लॅट-प्लॉटच्या व्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या प्राधिकरणाची, एजंटची परीक्षा. 2023 पासून नियमच झालाय, एजंटचं काम करायचं तर आधी 20 तासांचं ट्रेनिंग, मग ऑनलाईन परीक्षा, त्याचं सर्टिफिकेट मिळालं तरच रजिस्ट्रेशन. पहिली परीक्षा 20 मे 2023 ला झाली, तेव्हाच बसायचं मनात होतं पण मे महिन्यात आमच्याकडे आंब्याच्या पेट्या भरायच्या की पुस्तक उघडायचं, तूच सांग. दीर म्हणतात कशाला हव्यात परीक्षा, चहाच्या टपरीवर बसून लोक व्यवहार करतात. करतात ना, पण रजिस्टर झालेल्या प्रोजेक्टमधला फ्लॅट एजंटने स्वतःचं रजिस्ट्रेशन नसताना विकून दिला तर दिवसाला 10,000 दंड, वाढत वाढत किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत. हे सांगितल्यावर गप्प बसले.

पुस्तक मराठीत आहे पण कसलं मराठी गं! अनुज्ञप्ती, अविभक्त हितसंबंध, हस्तांतरण. अनुज्ञप्ती म्हणजे आपलं लायसन्स हे कळायला मला दोन दिवस लागले, आणि मी आठ वर्षं दुकानात बसून लिव्ह अँड लायसन्सच, म्हणजे भाड्याचे करारच, टाईप करतेय!

कार्पेट एरिया, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा कशी मोजायची ते, पाठ होईना म्हणून शेवटी शिवणाची टेप घेतली आणि घरच मोजलं. बाहेरच्या चिऱ्याच्या भिंती धरायच्या नाहीत, पण माजघर आणि स्वयंपाकघराच्या मधली भिंत धरायची. बाल्कनी, उघडी गच्ची, व्हरांडा बाहेर. म्हणजे आमची पडवी गेली. सासूबाई तिथेच कुळीथ निवडत बसल्या होत्या, म्हणाल्या, "म्हंजे पडवी घरात नाय? मगे आमी बसतंव खंय?" आता हा प्रश्न परीक्षेत आला तर मी चुकणार नाही एवढं नक्की.

सगळ्यात डोकं खाल्लं ते अपार्टमेंट आणि सोसायटी यातल्या फरकाने. मला वाटायचं एकच, बिल्डिंग ती बिल्डिंग. तर तसं नाही. सोसायटीत जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर, तुला मिळतं शेअर सर्टिफिकेट आणि राहायचा हक्क. अपार्टमेंट म्हणजे शहरवाले ज्याला कॉन्डोमिनियम म्हणतात ते, 1970 चा वेगळा कायदा आहे त्याला, त्यात फ्लॅट थेट तुझ्या नावावर आणि शिवाय जमीन, जिना, गच्ची यात टक्क्यांनी हिस्सा, जो कधी वेगळा काढता येत नाही. तो टक्का डिक्लरेशनमध्ये लिहून रजिस्टर करतात. हे मला कधी कळलं माहितीये? आमच्या मूळ घराची आठवण काढल्यावर. प्रत्येक चुलत्याच्या खोल्या वेगळ्या, विहीर, खळं आणि गडग्याकडची वाट सामाईक. फक्त कोणाचा किती हिस्सा ते कुठेच लिहिलेलं नाही, म्हणून विहिरीच्या पंपाच्या बिलावरून दर गणपतीत भांडण. आजोबांनी एक डिक्लरेशन केलं असतं तर निम्मी माणसं एकमेकांशी बोलत असती.

भाड्याचं तर सांगायचंच राहिलं. रेरा कायद्यात भाड्याचे व्यवहार येत नाहीत, अलॉटीच्या, म्हणजे ज्याला फ्लॅट दिला त्याच्या, व्याख्येतच लिहिलंय की भाड्याने जागा घेतलेला माणूस त्यात धरायचा नाही, आणि सराव प्रश्नांत नेमकं तिथेच फसवतात. पण इथे गिऱ्हाईक येतं ते निम्मं भाड्यासाठीच, म्हणून मी तेही वाचून काढलं. लीज म्हणजे जागेत हक्क निर्माण होतो, लायसन्स म्हणजे नुसती वापरायची परवानगी, ताबा कायद्याने मालकाचाच. मी लक्षात ठेवलंय असं, कराराने बाग घेतलेला माणूस कलमावर चढतो, आंबे उतरवतो, पण बाग काही त्याची होत नाही. (हे उत्तरपत्रिकेत लिहायचं नसतं म्हणून बरं.)

आणि आता जे सांगते ते कोणाला बोलू नकोस. मावशीचा तो फ्लॅट आठवतो ना, भाडेकरू दोन वर्षं निघाला नाही तो? 11 महिन्यांचा करार, शंभराचा स्टॅम्प, नोटरी, झालं. सगळ्यांसारखं मलाही वाटायचं 11 महिन्यांना रजिस्टर करावं लागत नाही. महाराष्ट्रात लागतं. भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55, करार लेखी आणि रजिस्टर हवा आणि ती जबाबदारी मालकाची, नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे, रजिस्टर नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं, उलट सिद्ध होईपर्यंत. त्याने डिपॉझिट 50,000 चं दोन लाख सांगितलं आणि मावशी नुसती रडत बसली. रजिस्टर असता तर मुदत संपल्यावर जागा खाली करून घ्यायला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज, आणि जास्त राहिला तेवढ्या दिवसांचं दुप्पट भाडं. किती वाचले होते माहितीये पैसे? आता हिशोब तोंडपाठ आहे, 10,000 भाडं, 50,000 डिपॉझिट, दोन वर्षं, तर भाडं 2,40,000 अधिक डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के म्हणजे 10,000, त्याच्या पाव टक्का, 625 रुपये स्टॅम्प ड्युटी. ग्रामीण भागात रजिस्ट्रेशन 500, नगरपालिकेत 1,000. एवढ्यासाठी.

तो करार मी टाईप केला होता सुमे. ते पान वाचलं आणि पुस्तक मिटून पडवीत जाऊन बसले, लाईटही गेलेली, पाऊस असा की समोरचं दिसेना. मावशीला अजून सांगितलेलं नाही. परीक्षा झाली की जाईन.

सेंटर लांब आलंय, आदल्या रात्रीच निघावं लागेल, हे सोबत येतायत, घाटात मला गाडी लागते म्हणून लिंबं घेऊन ठेवलीयत.

तू एक कर. तुमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत सेक्रेटरीला विचार, कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन बिल्डरकडून सोसायटीच्या नावावर आलीय का. आणि वरच्या मजल्यावरचा तुझा फ्लॅट भाड्याने आहे त्याचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते पैसे, सर्व्हिस चार्जेसच्या 10 टक्क्यांहून जास्त घेत असतील तर बिलाचा फोटो पाठव. फोन डब्यात आहे, पण रात्री नऊला एकदा उघडते.

तुझी,
लता