मोडीवाल्या काकूंना जाहीर थँक्यू

काकू, नमस्कार,

फोनवर तुम्ही म्हणालात "आभार बिभार काही नको, चहाला ये", पण मला हे चारचौघांत सांगायचंच होतं, रागावू नका.

आमच्या घरात पणजोबांबद्दल दोनच गोष्टी माहीत होत्या. एक म्हणजे ते सिन्नरकडून मुंबईला गिरणीत आले, आणि दुसरी म्हणजे त्यांची "पहिली मानमोडीत गेली". ही पहिली बायको कोण, नाव काय, कुणी कधी विचारलंच नाही. मला तर लहानपणी मानमोडी म्हणजे एखादा घाट वाटायचा, तिथून पडून गेली असेल बिचारी.

कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, मोडी लिपीतली नक्कल हातात आली तेव्हा डोकंच चालेना. पानभर आडवी रेघ आणि तिला लटकलेली अक्षरं, शब्द कुठे संपतो पत्ता नाही, ह्रस्व-दीर्घाचा तर प्रश्नच नाही. कुणबी नोंदी शोधायला लागल्यापासून मोडी वाचणाऱ्यांना कसली डिमांड आलीये ते तुम्हाला माहीतच आहे, एकाने आधी पैसे घेतले आणि मरणाचं कारण "पटकी", म्हणजे कॉलरा, असं सांगून मोकळा झाला. तुम्हाला फोटो पाठवला तर अर्ध्या तासात फोन, "अरे पटकी कुठली, ताप लिहिलंय, आणि महिना बघ की, ऑक्टोबर १९१८!" मग तुम्ही मला त्या पानावरच्या खालच्या-वरच्या ओळी बघायला लावल्या. ताप. ताप. ताप. म्हातारी माणसं कमी, सगळी विशी-तिशीतली. इन्फ्लुएन्झाची साथ, महायुद्ध संपता संपता आलेली, तिलाच आपल्याकडे मानमोडी म्हणायचे हे तेव्हा कळलं, आणि खरं सांगतो त्या रात्री झोप लागली नाही.

पण नोंदीत तिचं नाव नव्हतंच. अमक्याची बायको, वय २२, बास. मी तिथेच सोडून देणार होतो. तुम्ही म्हणालात सिन्नर म्हणजे नाशिक जवळ, अस्थी रामकुंडावर नेल्या असतील, तिथले तीर्थोपाध्याय आलेल्या घराण्यांच्या नोंदी ठेवतात, त्यांच्या वहीत बघ, आणि जाताना आडनावावर अवलंबून राहू नकोस, मूळ गाव नीट सांग. बरं झालं सांगितलंत, कारण गुरुजींनी पहिला प्रश्न गावाचाच विचारला. लांबलचक वही काढली, पानं अशी उलटत गेले की मला वाटलं आता फाटणार. आणि सापडलं हो! मार्गशीर्ष शके १८४०. शकात ७८ मिळवले की १९१८, म्हणजे दीड-दोन महिन्यांनी पणजोबा अस्थी घेऊन आलेले. अमुक बिन तमुक (बिन म्हणजे मुलगा), त्यात आडनाव नाहीच, खाली सहीच्या जागी नांगराची निशाणी, आणि मधल्या ओळीत बायकोचं नाव. फोटोवरून ते नाव तुम्ही फोनवर तीनदा वाचून दाखवलंत, मीच परत परत विचारत होतो. त्याच्यापुढे "मुलगा एक, वय २" असंही होतं. तो मुलगा म्हणजे माझे आजोबा. ते जन्मभर ज्यांना आई म्हणाले त्या दुसऱ्या, हे त्यांना माहीत होतं की नाही देव जाणे.

नाव इथे टाकत नाही, आत्याची ताकीद आहे, आधी घरातल्या सगळ्यांना सांगायचंय. आत्या ऐकून एवढंच म्हणाली, "म्हणजे माझ्या बापाला आई होती वेगळी", आणि उठून आत गेली.

तुम्ही एक पैसा घेतला नाहीत, वर मलाच बाराखडीचा तक्ता पाठवलात, रोज एक ओळ गिरवतोय, अजून माझा "ल" काही जमत नाहीये. रविवारी चहाला येतो. गुरुजींच्या वहीतले अजून तीन फोटो आहेत, पणजोबांच्या वडिलांचे असावेत असं वाटतंय, पण ते तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावरच दाखवीन, आत्ता मागायचे नाहीत.

तुमचा,
सिन्नरवाला