उद्गारचिन्हाने चूक झाकू नये

महोदय,

मोबाइल ॲप शिकवणारे खासगी वर्ग पुण्यात गल्लोगल्ली आहेत. परंतु तेथून आलेल्या नवोदितांचा कोड तपासताना एक खोड वारंवार दिसते. डार्ट या ॲप बनवण्याच्या प्रोग्रामिंग भाषेत मार्च 2021 च्या 2.12 आवृत्तीबरोबर नल सेफ्टी (किंमत नसलेले, म्हणजे 'नल', व्हेरिएबल चुकून वापरले जाऊ नये यासाठीची तपासणी) आली आणि 2023 मधील डार्ट 3 पासून ती अनिवार्य झाली. त्यामुळे कोडमधील 'क्लास' या साच्यातील व्हेरिएबल नुसते घोषित करून भागत नाही. त्याला तेथेच किंवा कन्स्ट्रक्टरचा (त्या साच्यातून ऑब्जेक्ट तयार करणाऱ्या कोडचा) मुख्य भाग सुरू होण्यापूर्वी किंमत द्यावी लागते, अन्यथा टाइपपुढे प्रश्नचिन्ह लावून ते नल असू शकते हे मान्य करावे लागते.

मात्र एरर दिसली की 'लेट' (late, म्हणजे किंमत नंतर देऊ) लिहायचे, नाहीतर 'हे नल नाहीच' असे ठासून सांगणारे उद्गारचिन्ह ठोकायचे, असेच सर्रास शिकवले जाते. वस्तुतः 'लेट' ही वाचण्यापूर्वी किंमत भरण्याची प्रोग्रामरने दिलेली हमी असते. ती पाळली गेली नाही, तर कोड तपासून ॲपमध्ये रूपांतरित करणाऱ्या कंपायलरने अडवली असती ती चूक थेट वापरकर्त्याच्या हातातील ॲपमध्ये उघडी पडते. स्क्रीनचा घटक सुरू होताना चालणाऱ्या इनिटस्टेट फंक्शनमध्ये कंट्रोलर (उदा. मजकुराचा रकाना सांभाळणारा ऑब्जेक्ट) तयार करताना 'लेट' रास्तच आहे. पण सर्व्हरकडून येणारा ऐच्छिक फोन क्रमांक अनेकांचा नसतोच. तेथे प्रश्नचिन्हच हवे आणि स्क्रीनवर दाखवताना दुहेरी प्रश्नचिन्हाने (??) किंमत नसल्यास दिसणारा पर्यायी मजकूर द्यावा. (रिकामी स्ट्रिंग भरून वेळ मारून नेणारे तर त्याहून वरचढ, कारण मग चूक दिसतच नाही.)

वर्गचालकांनी निदान प्रत्येक उद्गारचिन्हाचे कारण विद्यार्थ्यांकडून कमेंटमध्ये लिहून घ्यावे, ही विनंती.

— एक ॲप डेव्हलपर, कोथरूड, पुणे