रोहनच्या नावावर ठेव ठेवण्याआधी

चि. मधुरास,
अनेक आशीर्वाद.

रोहनच्या नावावर १५ लाखांची मुदत ठेव करायचं तू फोनवर म्हणालीस. तुझ्या मनात भावासाठी एवढं आहे, याचा बाबांना आणि मला फार आनंद झाला. पण पैसे अजून हलवू नकोस, आधी हे पत्र शांतपणे वाच.

रोहनसारख्या बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठीच्या आपल्याकडच्या बहुतेक सरकारी योजना बँकेत शिल्लक किती आहे हे विचारत नाहीत, वर्षाचं उत्पन्न विचारतात. त्यामुळे ठेवीने काही बिघडत नाही, असं लोकांना वाटतं. पण ठेवीवर व्याज मिळतं आणि व्याज हे उत्पन्नच. व्याज मुदत संपल्यावर एकदम मिळणार असलं तरी बँक ते दरवर्षी पॅनवर दाखवते, म्हणजे हातात आलं नाही तरी कागदावर आलेलं असतं. शिवाय उत्पन्न कोणाचं धरायचं, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. कुठे एकट्या रोहनचं, तर कुठे सगळ्या घराचं.

रोहनसाठी सगळ्यात मोठा आधार म्हणजे माझ्या केंद्र सरकारच्या नोकरीमुळे माझ्या मागे मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन. माझ्यानंतर ते आधी बाबांना आणि त्यांच्यानंतर रोहनला तहहयात मिळेल. पूर्वी यासाठीची उत्पन्नाची मर्यादा फार कमी होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने ती बदलली. आता दिव्यांग मुलाचं इतर सगळं उत्पन्न साध्या दराच्या कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा, म्हणजे शेवटच्या मूळ पगाराच्या ३० टक्के आणि त्यावरचा महागाई भत्ता यापेक्षा, कमी असलं की तो पात्र ठरतो. शेवटचा मूळ पगार ६०,००० धर. त्याचे ३० टक्के १८,०००. हिशेब सोपा जावा म्हणून महागाई भत्ता ५० टक्के धरला, तर मर्यादा महिना २७,०००.

आता तुझी ठेव घे. १५ लाखांवर ७ टक्क्यांनी वर्षाला १,०५,००० व्याज, म्हणजे महिना ८,७५०. रोहनला भोसरीच्या पॅकिंगच्या कामाचे महिना ८,००० मिळतात, ते त्यात मिळव. झाले १६,७५०. निवृत्तिवेतनाच्या मर्यादेच्या हे बरंच आत आहे.

अडचण दुसरीकडे आहे. माझ्या सीजीएचएस (केंद्र सरकारची आरोग्य योजना) कार्डावर रोहन अवलंबित म्हणून आहे. कायमचं अपंगत्व असलेल्या मुलाला तिथे वयाची अट नाही, पण उत्पन्नाची आहे: महिना ९,००० आणि त्यावरचा महागाई भत्ता. त्याच ५० टक्क्यांनी ही मर्यादा १३,५०० होते. त्याचे १६,७५० झाले की तो अवलंबित राहत नाही, आणि त्याच्या फिटच्या गोळ्या, तपासण्या, दवाखाना सगळं आपल्या खिशातून करावं लागेल. तोच पैसा, तोच मुलगा, एका नियमात बसतो आणि दुसऱ्यात बसत नाही. आम्ही दोघं गेल्यावर तो स्वतःच कुटुंब निवृत्तिवेतनधारक म्हणून कार्ड काढू शकेल, पण आम्ही असेपर्यंत ही मर्यादा सांभाळायलाच हवी.

म्हणून माझं मत असं: त्याच्या नावावर ५-६ लाखांच्या पुढे जाऊ नकोस. ६ लाखांवर महिना ३,५०० व्याज, कामाचे ८,०००, मिळून ११,५००. पगार थोडा वाढला तरी जागा उरते. बाकीचे पैसे तुझ्याच नावावर राहू देत आणि ते रोहनसाठी आहेत हे तुझ्या मृत्युपत्रात स्पष्ट लिही. नुसतं नॉमिनेशन पुरत नाही. नॉमिनीला बँक पैसे देते, पण त्यावर हक्क कोणाचा हे मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने ठरतं.

त्याच्या कामाला मात्र मर्यादेच्या भीतीने हात लावू नकोस. उत्पन्न कमी करायचंच झालं तर व्याज कमी करायचं, त्याचं काम बंद करायचं नाही. तिथे ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, लागू आहे का ते विचार. इतरांना २१,००० पर्यंत पगाराची मर्यादा आहे, दिव्यांग कामगाराला २५,०००. त्यात फक्त पगार मोजतात, ठेवीचं व्याज नाही. त्याच्या पगारातून ०.७५ टक्के, म्हणजे ८,००० वर ६० रुपये कापले जातील आणि बिबवेवाडीचं ईएसआय रुग्णालय त्याला स्वतःच्या हक्काचं मिळेल. तो जे घेतो ते पगार म्हणून नोंदलेलं आहे की विद्यावेतन, हे आधी बघ. विद्यावेतन असेल तर ईएसआय लागू नसण्याची शक्यता आहे.

संजय गांधी निराधार योजनेबद्दल तुला कोणीतरी सांगितलं आहे. दिव्यांगांसाठी तिथे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० च्या आत लागतं. माझी पेन्शन घरात येत असताना हे शक्य नाही. मामलेदार कचेरीबाहेर कोणी ४५,००० चा दाखला काढून देतो म्हणाला, तर तिथून उठून ये. आधार आणि पॅनमुळे खोटा दाखला उघडा पडायला वेळ लागत नाही, आणि दिलेली रक्कम वसूल होते. ज्या घरात खरंच काही नाही, त्यांच्यासाठी ते पैसे आहेत.

धर्मादाय रुग्णालयांचंही गणित बघ, कारण पुण्यात ती भरपूर आहेत. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न निर्धनांसाठी १,८०,००० पर्यंत आणि दुर्बल घटकांसाठी ३,६०,००० पर्यंत लागतं. उद्या रोहन एकट्या २७,००० च्या निवृत्तिवेतनावर असेल तर वर्षाचे ३,२४,०००, म्हणजे दुर्बल घटकात. त्यात १,०५,००० व्याज आलं की तो बाहेर. तो तुझ्याकडे राहायला आला आणि दाखला एकत्र घराचा निघाला, तरीही बाहेरच.

उत्पन्न न बघणाऱ्या दोन गोष्टी पक्क्या ठेव. महात्मा फुले जन आरोग्य योजना आता पिवळ्या, केशरी, पांढऱ्या सगळ्या शिधापत्रिकांना आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. त्यासाठी त्याचं नाव शिधापत्रिकेत आणि आधारवर एकसारखं हवं. दुसरी निरामय आरोग्य विमा योजना, १ लाखापर्यंत. बौद्धिक अक्षमता असलेल्यांना ती वैद्यकीय तपासणीशिवाय मिळते, पण दरवर्षी नूतनीकरण चुकवायचं नाही.

आता कागदांचं. माझ्या पीपीओमध्ये, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशात, रोहनचं नाव मी हयात असतानाच घालायचं आहे. नंतर करायला गेलं की महिने जातात. त्यासाठी वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात तो स्वतःचा उदरनिर्वाह करू शकत नाही हे लिहिलेलं हवं. यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्र) कार्डावरची अपंगत्वाची टक्केवारी दाखवून तिथे भागेल असं समजू नकोस. त्याच्या वतीने पैसे घेणारी व्यक्ती म्हणून मी तुझं नाव देते आहे. शिवाय राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्जही करू. पालक झालीस की सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी आणि पुढे दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यावा लागतो. म्हणून त्याचं खातं स्वतंत्र ठेव, घरखर्चात मिसळू नकोस.

राहिला प्राप्तिकर. जुन्या करप्रणालीत मी त्याच्यासाठी ७५,००० ची वजावट घेते. अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असतं तर १,२५,००० मिळाली असती. त्याच्या नावाने विवरणपत्र भरलंस आणि तिथे त्याने स्वतःची वजावट घेतली, तर माझी जाते. तेव्हा भरण्याआधी मला विचार.

येताना तुझा पॅन, आधार आणि दोन फोटो घेऊन ये. पीपीओचा अर्ज मी भरून ठेवला आहे, तुझी सही तेवढी राहिली आहे.

तुझी,
आई